गोष्टीचा तास वीस मिनिटांचाच हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वाचन प्रेरणा दिन, बालदिन आणि मे महिन्याची सुटी या तीन निमित्तांनी गावोगावच्या ग्रंथालयांच्या फलकांवर 'बालकथाकथन' हा शब्द हमखास झळकतो. खुर्च्या मांडल्या जातात, ध्वनिक्षेपक लागतो, दीपप्रज्वलन होते, पाहुण्यांचा परिचय होतो. गोष्ट सुरू होईपर्यंत तीन वर्षांची पोरे एक तर आईच्या खांद्यावर झोपलेली असतात, नाही तर व्यासपीठाखाली शिरलेली असतात. मग ठरलेला शेरा मिळतो, 'इतकी लहान मुले बसत नाहीत हो, पहिलीत गेली की आणा.'

मुले बसतात. कार्यक्रम त्यांच्या मापाने बेतलेला नसतो. दीड ते सहा वर्षांच्या मुलांना वर्षातून एकदा होणाऱ्या सोहळ्याचा उपयोग नाही. त्यांना आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच सतरंजीवर वीस मिनिटे हवी असतात. शासनाच्या वर्गवारीतल्या खालच्या 'क' किंवा 'ड' वर्गाच्या ज्या ग्रंथालयात ग्रंथपाल, लिपिक आणि झाडूवाला अशी तिन्ही कामे एकच माणूस करतो, तिथेही हे जमते. आखणी मात्र आधी हवी, आणि ती कशी करावी हे सांगण्यासाठीच हा पत्रप्रपंच.

पहिली गोष्ट वयाची. दीड ते तीन आणि तीन ते सहा असे दोन गट करावेत आणि ते एकत्र बसवण्याचा मोह टाळावा. दोन वर्षांच्या मुलाला पानावरचे मांजर दिसले की उठून त्याला हात लावायचा असतो. पाच वर्षांच्या मुलाला ते मांजर पुढे काय करणार हे ऐकायचे असते. दोघांना एकत्र बसवले की मोठे चिडते आणि धाकटे रडते. धाकट्यांच्या गटात दहा-बारा मुले पुरेत, प्रत्येकाबरोबर एक मोठे माणूस हवेच आणि वेळ वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. मोठ्यांच्या गटात पंधरा ते वीस मुले आणि तीस-पस्तीस मिनिटे चालतात. भावंडे एकत्र येतातच, त्यांना दारातून परत पाठवू नये. पण सत्र कोणासाठी आखले आहे हे आपल्या मनात पक्के असावे.

वेळ ठरवताना ग्रंथालयाच्या सोयीआधी मुलांची झोप पाहावी. धाकट्यांसाठी सकाळी दहाच्या सुमाराची वेळ चांगली. मोठ्यांची अंगणवाडी किंवा बालवाडी दुपारी सुटते, मग जेवण आणि झोप. त्यांना संध्याकाळी पाच ते साडेपाच बरे. साडेसहानंतर डास आणि भूक दोन्ही येतात आणि आईचे लक्ष घरच्या कुकरकडे असते. गावात नळाला पाणी येण्याची वेळ आणि आठवडी बाजाराचा वार टाळावा. या साध्या दोन गोष्टी न पाहिल्यामुळे चांगले उपक्रम बंद पडतात आणि खापर 'पालकांच्या उदासीनते'वर फुटते.

आता जागा. खिडकीकडे पाठ करून कधीही बसू नये. मागून उजेड आला की सांगणाऱ्याचा चेहरा आणि पुस्तकाचे पान दोन्ही काळवंडतात. पाठ भिंतीला असावी आणि दार मुलांच्या मागे, म्हणजे उशिरा येणारे सगळ्यांसमोरून जात नाहीत. मुले सतरंजीवर अर्धगोलात बसतात. सांगणाऱ्याने खुर्ची घेतली तर पुढच्या मुलांना मान वर करून बघावे लागते, ती थोड्या वेळाने उभी राहतात आणि मागच्यांना काही दिसत नाही. म्हणून पाट किंवा बुटके स्टूल घ्यावे. सगळ्यात मागचे मूल आठ फुटांपेक्षा लांब नसावे. पंखा डोक्यावर नेमका असेल तर पाने फडफडतात. कपडे वाळत घालायचे दोन चिमटे जवळ ठेवावेत. भिंतीला न ठोकलेले लोखंडी रॅक, उघडे सॉकेट आणि पहिल्या मजल्यावरच्या ग्रंथालयाचा जिना यांचा बंदोबस्त आदल्या दिवशीच करावा.

एका गोष्टीकडे आपल्या ग्रंथालयांत फारच दुर्लक्ष होते, ती म्हणजे कीड मारण्याची औषधे. कपाटात कसरीसाठी डांबरगोळ्या टाकलेल्या असतात. दोन वर्षांच्या मुलाला ती पांढरी गोळी पेपरमिंटसारखी दिसते, आणि ती पोटात गेली तर विषबाधा होऊ शकते. तसेच बांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद हे विषारी रसायन घालण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, आणि या वयाची मुले पुस्तक आधी तोंडात घालून बघतात. मुलांच्या हाती जाणाऱ्या पुस्तकांचा साठा वेगळा ठेवावा, त्याच्याजवळ डांबरगोळ्या नकोत, आणि ही पुस्तके बांधणीला देताना मोरचूद नको असे बाइंडरला स्पष्ट सांगावे.

पुस्तक निवडताना एक सोपी चाचणी आहे. पुस्तक उघडून टेबलावर उभे करावे, आठ-दहा फूट मागे जावे आणि बघावे: चित्रात कोण आहे आणि ते काय करते आहे, हे लगेच कळते का? बारीक रेषांची, पानभर गर्दी असलेली चित्रे मांडीवर घेऊन बघायला फार सुंदर असतात, गटासमोर ती नुसता रंगीत धूर वाटतात. धाकट्यांसाठी पानाला एक-दोन वाक्ये आणि दहा-बारा पाने एवढाच मजकूर असावा. मोठ्यांसाठी तीनशे ते सहाशे शब्दांची गोष्ट पुरते. जोडाक्षरांची किंवा लांब शब्दांची काळजी इथे करू नये. मुले ऐकणार आहेत, वाचणार नाहीत, आणि 'गडगडाट' किंवा 'धप्पकन' हे शब्द त्यांना 'ढग' या शब्दाइतकेच आवडतात. शेवटी चौकटीत तात्पर्य छापलेले असेल तर ते पान उलटू नये.

पुस्तक धरणे ही शिकण्याची गोष्ट आहे. ते छातीसमोर धरले तर वाचताना आपण मान खाली घालतो आणि मुलांना डोक्याचा भांगच दिसतो. पुस्तक खांद्याच्या एका बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, खालून मधोमध एका हाताने धरावे. दुसऱ्या हाताने पान उलटावे, म्हणजे अंगठा चित्रावर येत नाही. गुळगुळीत कागदावर ट्यूबलाइट चमकते, म्हणून वरची कड किंचित पुढे झुकवावी. अर्धगोलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुस्तक सावकाश फिरवावे आणि फिरवताना वाचू नये. हे सगळे जमायचे तर मजकूर जवळजवळ पाठ हवा. आदल्या संध्याकाळी पुस्तक तीनदा मोठ्याने वाचणे हीच तयारी. ऐन वेळी कपाटातून हाताला लागेल ते पुस्तक काढून सत्र घेणाऱ्यांची गत सांगायला नको.

धाकट्यांची वीस मिनिटे साधारण अशी जातात. दोन मिनिटे सुरुवातीचे गाणे, दर आठवड्याला तेच. मग प्रत्येकाचे नाव घेऊन टाळी, त्याला तीनेक मिनिटे. लगेच त्या दिवसाचे सगळ्यात चांगले पुस्तक, चार मिनिटे, कारण मुले याच वेळी सर्वांत ताजी असतात. चांगले पुस्तक शेवटासाठी राखून ठेवणे ही नवख्यांची नेहमीची चूक. त्यानंतर 'आपडी थापडी' किंवा करंगळी-मरंगळीसारखा बोटांचा खेळ तीन मिनिटे. मग उभे राहून उड्या, चालणे, हळू-जोरात, पुन्हा तीन मिनिटे. दुसरे छोटे पुस्तक तीन मिनिटे आणि निरोपाचे गाणे दोन मिनिटे. यानंतर पंधरा मिनिटे पुस्तके मोकळी सोडावीत आणि आपण गप्प बसावे. ही पंधरा मिनिटे वाचवून खोली आवरायला घेणाऱ्यांना एकच विनंती, आवरू नका. पुस्तक घरी नेण्याची इच्छा याच वेळात तयार होते.

पुढच्या आठवड्यात यातले फार तर एक पुस्तक बदलावे. मोठ्या माणसांना तेच ते वाटते, पण दोन वर्षांच्या मुलाला पुढचे पान माहीत असणे हाच आनंद असतो. पहिल्या आठवड्यात ते बघते, दुसऱ्यात हात हलवते, तिसऱ्या-चौथ्यात शब्द म्हणते. दर वेळी नवे काही करणाऱ्याला ते शब्द ऐकूच येत नाहीत.

मोठ्या गटात लांब गोष्ट आधी, छोटी नंतर आणि मध्ये हालचालीचा खेळ असे ठेवावे. एक गोष्ट पुस्तकाविना सांगावी. आपल्या लोककथा यासाठीच घडल्या आहेत: म्हातारीचा भोपळा पाचदा 'टुणूक टुणूक' जातो, चिऊ दाराआडून पुन्हा पुन्हा 'थांब' म्हणते. पालुपद आले की सांगणाऱ्याने अर्ध्यावर थांबावे. उरलेले मुले पुरे करतात. भोपळ्यातला वाघ चार वर्षांनंतर मजेचा, अडीच वर्षांच्या मुलासाठी तो भीतीचा. डरकाळी आपण फोडू नये, मुलांना फोडू द्यावी. स्वतःच्या डरकाळीला कोणी घाबरत नाही. चिऊकाऊच्या गोष्टीचा शेवट घरोघरी वेगळा आहे, काही ठिकाणी कावळ्याला चटका बसतो. कुठला शेवट सांगायचा हे आधीच ठरवावे, नाही तर ऐन वेळी आपणच अडखळतो आणि पोरे बरोबर तिथेच 'मग?' म्हणतात.

रंगमंचावरचे कथाकथन आणि हे काम यांत फरक आहे. व्यासपीठावर गाजणारा कसलेला आवाज आठ फुटांवर बसलेल्या बाळाला दचकवतो. माइक तर नकोच. गलका वाढला की आवाज चढवण्याऐवजी खाली आणावा, अगदी कुजबुजीपर्यंत. मुले ऐकण्यासाठी पुढे सरकतात. तरीही निम्मी मुले दुसरीकडे बघत असतील तर चूक पुस्तकाची आहे असे धरून दोन-तीन पाने गाळावीत किंवा सरळ 'बाकीचे पुन्हा कधीतरी' म्हणून बोटांचा खेळ घ्यावा. यासाठी पिशवीत एक जास्तीचे गाणे आणि एक अगदी छोटे पुस्तक कायम असावे.

प्रश्न विचारायचे तर 'या गोष्टीतून काय शिकलात?' हा प्रश्न कायमचा बाद करावा. 'उंदीर कुठे लपला असेल?', 'आता कोण येणार?' असे विचारावे आणि मनात पाच आकडे मोजावेत. आपण दुसऱ्याच आकड्याला उत्तर सांगून टाकतो, लहान मुलाला शब्द जुळवायला त्याहून जास्त वेळ लागतो. आई मागून 'सांग ना, काकांना सांग ना' करत असेल तर हसून विषय पुढे न्यावा. मुलाने 'पानी' म्हटले तर 'हो, पाणी, केवढं पाणी!' एवढेच म्हणावे, चूक काढू नये. घरात अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, कोरकू किंवा हिंदी बोलणारी मुले असतील तर गोष्टीतल्या पाच-सहा मुख्य शब्दांना त्यांच्या घरी काय म्हणतात हे आधी पालकांकडून विचारून घ्यावे आणि दोन्ही शब्द वापरावेत. त्या एका शब्दाने गप्प बसणारे मूल कसे पुढे येते ते बघण्यासारखे असते. शब्दांचे तुकडे टाळ्यांवर पाडणे, भो-प-ळा, चि-म-णी, हा खेळ पुढे अक्षरे शिकताना कामी येतो. पाटी-पेन्सिलची इथे गरज नाही.

साहित्याचा खर्च फार नाही. दोन बाय तीन फुटांच्या प्लायवुडवर जुन्या घोंगडीचा किंवा फलालीनचा तुकडा ताणून बसवला की चित्रफलक तयार होतो. जाड कागदाच्या चित्रांमागे पॉलिश पेपरचा तुकडा, खरखरीत बाजू बाहेर ठेवून, चिकटवावा. चित्रे फलकाला धरून राहतात. चित्र निदान सहा-सात इंचांचे असावे. फलक सरळ उभा ठेवला की चित्रे घसरतात आणि गोष्टीच्या ऐन मध्यावर वाघ जमिनीवर येतो. फलक किंचित मागे कलता ठेवावा. जुन्या ओढणीचे हातभर चौकोनी तुकडे पाऊस, वारा, नदी सगळे होतात. ते सगळे एकाच रंगाचे असावेत, नाही तर लाल तुकड्यासाठी मारामारी ठरलेली. वस्तू परत घेण्यासाठी टोपली फिरवावी आणि एक ठरलेली ओळ गावी. हातातून ओढून घेतले की रड सुरू होते. चिंचोके, मणी, गोट्या, बटणाचे डोळे लावलेल्या बाहुल्या आणि फुगे यांना या खोलीत प्रवेश नाही, कारण हे सारे घशात अडकते. डाळ भरलेला बाटलीचा खुळखुळा चालेल, पण झाकण चिकटवून वर पट्टी गुंडाळलेले हवे. खाऊ वाटू नये, शेंगदाण्याचा लाडू तर नाहीच: तेलकट हात पुस्तकाला लागतात, आणि या वयात शेंगदाणा घशात अडकू शकतो.

पुस्तकांसाठी नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तके अजूनही स्वस्त आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तके खुल्या परवान्याने मिळतात, ती उतरवून ए-३ आकारात बिनचमकीच्या जाड कागदावर छापली तर गटासमोर धरायला मोठे पुस्तक तयार होते. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांत बालविभागासाठी साहाय्याची तरतूद आहे, तिकडे अर्ज करावा. वीस-पंचवीस पुस्तके भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी ठेवावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे पुस्तकाचा कणा ठेवून काय उपयोग? पाने फाटणारच, त्याची तरतूद करून ठेवावी. साधी सेलोटेप कालांतराने पिवळी पडते आणि पान आणखी खराब करते. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाची ताजी खळ चांगली. पुठ्ठ्याची पुस्तके साबणाच्या किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करावीत. फाटलेल्या पुस्तकाचा दंड सहा वर्षांखालील सभासदांना माफ करावा. एकदा पन्नास रुपये भरलेली आई पुन्हा मुलाला घेऊन येत नाही.

मोठी माणसे हा स्वतंत्र विषय आहे. त्यांच्यासाठी मागे खुर्च्या मांडल्या की गप्पा सुरू होतात आणि मोबाइल निघतात. खुर्च्या मांडूच नयेत, मुले त्यांच्या मांडीवर असावीत. गुडघे दुखणाऱ्या आजीआजोबांसाठी बाजूला एक बाक पुरे. सुरुवातीला दोनच वाक्ये सांगावीत: 'तुम्ही गाल तर मुले गातील. मूल रडले तर बाहेर चक्कर मारून परत या.' मूल इकडेतिकडे फिरत असेल तर फिरू द्यावे, बरीच मुले चालता चालता ऐकतात. पुस्तकासमोर मात्र उभे राहायचे नाही, एवढा एक नियम बास. फोटो पालकांच्या परवानगीने, फ्लॅशविना आणि एकाच सत्रात काढून घ्यावेत. दर आठवड्याला अहवालासाठी मुलांना पुस्तक हातात घेऊन कॅमेऱ्याकडे बघायला लावणे थांबवावे.

प्रसिद्धी फलकाने होत नाही. अंगणवाडी सेविका आणि लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रावर जमणाऱ्या आया, या दोन ठिकाणी तोंडी सांगितलेले सर्वात लवकर पोहोचते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तीन-चारच मुले येतील, तरी सत्र रद्द करू नये. एकदा बंद दार पाहिलेले पालक पुन्हा येत नाहीत. सलग आठ आठवडे चालवून दोन-तीन आठवडे सुटी घ्यावी आणि परत सुरू होण्याची तारीख सुटीआधीच सांगावी. बारमाही चालवण्याच्या हट्टापायी एकटा माणूस दिवाळीपर्यंत थकतो. एका वहीत दर वेळी तीन ओळी लिहाव्यात: किती मुले, कोणते पुस्तक, कुठे फसले. वर्षभरात ती वही कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ती त्याच गावच्या मुलांबद्दल असते.

ग्रंथालय संचालनालयाला आणि जिल्हा ग्रंथालय संघांना एक विनंती. ग्रंथपालनाच्या प्रमाणपत्र वर्गात वर्गीकरण-तालिकीकरणाच्या जोडीला याची दोन प्रात्यक्षिके ठेवावीत. पहिल्यात चित्रपुस्तक धरायला शिकवावे. दुसऱ्यात समोर तीन वर्षांची खरीखुरी दहा मुले बसवावीत, आणि परीक्षकांनीही सतरंजीवरच बसावे.

आपले,
सार्वजनिक ग्रंथालयांच्या बालविभागांत काम करणारे काही ग्रंथपाल आणि कार्यकर्ते